पदं मोजायची, पण केव्हा?

माझी भाची सेमी इंग्रजीत नववीला आहे. परवा तिनं वही माझ्यापुढे सरकवली. "मावशी, हे चूक कसं? मी तर नीट मोजलं होतं." प्रश्न असा: खालील राशी एकपदी, द्विपदी की त्रिपदी ते लिहा. राशी होती २क्ष + ५ + ३क्ष. तिनं लिहिलं होतं 'ट्रायनॉमिअल', आणि त्यावर लाल फुली. तुकडे तर तीनच दिसतात. उत्तर मात्र द्विपदी.

स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली, "अगं, द्विपदी म्हणजे दोन पदं. त्यात अवघड काय?" ताई मराठी माध्यमातली. तिला शब्दातच अर्थ ऐकू येतो. मुलीला 'बायनॉमिअल' पाठ करावा लागतो. पण खरी अडचण भाषेची नव्हती. मोजायचं काय, हे तिला माहीत होतं. केव्हा मोजायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सातवीत बैजिक राशी येतात, नववीच्या गणित भाग १ मध्ये 'बहुपदी' हे वेगळं प्रकरणच आहे, तरी हा एक मुद्दा घाईत सुटून जातो आणि मग दहावीपर्यंत मुलं त्याच खड्ड्यात पडत राहतात.

हल्लीच्या पुस्तकांत चलासाठी रोमन अक्षरं छापतात. मी इथे पूर्वीच्या मराठी पुस्तकांसारखं क्ष आणि य वापरते.

## पद कुठे सुरू होतं, कुठे संपतं

गुणाकार चिकटवतो, अधिक आणि उणे तोडतात. एवढं लक्षात ठेवलं की पद ओळखता येतं.

७क्षय यात सात, क्ष आणि य असे तीन घटक दिसतात, पण ते गुणाकारानं एकमेकांना चिकटलेले आहेत, म्हणून पद एकच. त्यातला ७ हा सहगुणक. क्ष आणि य ही चलं, म्हणजे ज्यांची किंमत बदलू शकते अशी अक्षरं. ७क्ष + य लिहिलं की मधल्या अधिकनं दोन पदं झाली. उणे चिन्ह त्याच्या पुढच्या पदाचं असतं: क्ष² − ९ या राशीत क्ष² हे एक पद आणि −९ हे दुसरं. मुलं चिन्ह मागे सोडून पद उचलतात, आणि मग बेरजेत घोटाळा होतो.

एक पद असेल तर एकपदी, दोन असतील तर द्विपदी, तीन असतील तर त्रिपदी. चारपासून पुढे शाळेत वेगळं नाव घेत नाहीत, सरसकट बहुपदी म्हणतात. आपल्याला सप्तपदी माहीत आहे, तिथे पद म्हणजे पाऊल. इथे पद म्हणजे राशीतला सुटा भाग.

## चेकवरची रक्कम

आता चेकबुक आठवा. चेकवर रक्कम दोनदा लिहावी लागते, अंकात आणि अक्षरात. अंकात आपण ४३०५ लिहितो. अक्षरात लिहितो 'चार हजार तीनशे पाच'. अक्षरी रक्कम पुन्हा वाचा. तीत दहांचं नावच नाही. अंकांत मात्र त्यांच्या जागी शून्य लिहावंच लागतं, नाहीतर ४३०५ चे ४३५ होतील.

दहाच्या जागी क्ष ठेवला की हीच संख्या बहुपदी होते: ४क्ष³ + ३क्ष² + ५. अक्षरी रक्कम म्हणजे ही मांडणी, जे आहे तेवढंच बोलायचं. अंकी रक्कम म्हणजे पुस्तकात ज्याला सहगुणक रूप म्हणतात ते: (४, ३, ०, ५), म्हणजे प्रत्येक स्थान भरायचं, रिकामं असेल तिथे शून्य मांडायचं. पदं मोजायची म्हणजे अक्षरी रकमेतले भाग मोजायचे. चार हजार, तीनशे, पाच. तीन पदं, म्हणून त्रिपदी.

'दोनशे आणि तीनशे आणि पाच रुपये' असं चेकवर कुणी लिहीत नाही. आपण 'पाचशे पाच' लिहितो. शतकं शतकांत मिळतात, त्यांना वेगळं ठेवायचं कारण नसतं. भाचीच्या वहीत नेमकं हेच झालं होतं. २क्ष आणि ३क्ष एकाच स्थानातले आहेत. ते आधी मिळवले की ५क्ष होतात, आणि उरतं ५क्ष + ५. दोन पदं.

मिळण्यासारखी सगळी पदं मिळवून झाली, की मगच मोजायचं.

## मिळतात कोण आणि मिळत नाहीत कोण

एकाच चलाची एकाच घातांकाची पदं एकमेकांत मिळतात. त्यांना सरूप किंवा सजातीय पदं म्हणतात. इथे बहुतेक जण कांदे-बटाट्यांचं उदाहरण देतात: दोन कांदे आणि तीन कांदे मिळून पाच कांदे, पण कांदे आणि बटाटे मिळत नाहीत. मीही पूर्वी देत असे. आता देत नाही. या उदाहरणानं मुलाच्या डोक्यात क्ष म्हणजे 'कांदा' बसतो, आणि मग क्ष² म्हणजे काय, कांद्याचा कांदा? क्ष ही वस्तू नव्हे, ती संख्या आहे. भाजीच घ्यायची असेल तर क्ष म्हणजे कांद्याचा किलोचा भाव घ्या. २क्ष म्हणजे दोन किलोचे पैसे. आज भाव काहीही असो, दोन किलोचे आणि तीन किलोचे पैसे मिळून पाच किलोचेच होतात.

क्ष आणि क्ष² का मिळत नाहीत, हे भाचीला कागदावर दाखवलं. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा एक चौकोन कापला. त्याची बाजू मुद्दाम मोजली नाही, तिला क्ष म्हटलं. मग त्याच्या उजव्या बाजूला ३ सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी लावली, तशीच एक खालच्या बाजूला लावली. कोपऱ्यात एक चिमुकली चौकोनी जागा उरली, तिथे ३ बाय ३ चा तुकडा बसवला. आता मोठा चौकोन झाला, ज्याची बाजू क्ष + ३. त्याचं क्षेत्रफळ (क्ष + ३)².

"किती तुकडे?" मी विचारलं. "चार." मोठा चौकोन क्ष², उजवी पट्टी ३क्ष, खालची पट्टी ३क्ष, कोपरा ९. मग तिनं आपण होऊन खालची पट्टी उचलून फिरवली आणि उजव्या पट्टीवर ठेवली. बरोबर बसली. दोन्ही पट्ट्या मिळून ६क्ष. राहिले तीन प्रकार: क्ष² + ६क्ष + ९. त्रिपदी.

पट्टी चौकोनावर ठेवून पाहिली, ती बसेना. कोपऱ्याचा तुकडाही कुणावर बसेना. इथे तिनं एक फार चांगला प्रश्न विचारला. "क्ष जर तीनच असेल तर? मग सगळे तुकडे सारखेच होतील ना?" होतील. क्ष ३ असेल तर क्ष², ३क्ष आणि ९ या तिन्ही किमती ९ येतात. पण तो त्या एका किमतीपुरता योग. २क्ष + ३क्ष = ५क्ष हे क्षच्या प्रत्येक किमतीला खरं असतं. पदं मिळवायची ती प्रत्येक किमतीला खरं ठरणाऱ्या नात्यानंच. एखाद्या किमतीला किंमत जुळली म्हणून दोन पदं सरूप होत नाहीत.

## 'वेगळे ठेवा' हा नियम जुना आहे

इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी 'बीजगणित' लिहिलं. त्यात अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणजे जितकं-तितकं असं नाव आहे आणि लिहिताना त्याचं पहिलं अक्षर 'या' घेतात. दुसरी, तिसरी अज्ञात संख्या लागली तर रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक, लोहितक. वर्गाला 'व' जोडायचा, नुसत्या संख्येआधी 'रू' म्हणजे रूप लिहायचं. आजचं ६क्ष² + ५क्ष + ३ त्या पद्धतीत 'याव ६ या ५ रू ३' असं होतं. उणे संख्येच्या डोक्यावर टिंब.

बेरीज-वजाबाकीचा त्यांचा नियम आपल्या धड्याचा गाभाच आहे: समान जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी करावी, भिन्न जातीच्या राशींची 'पृथक् स्थिति', म्हणजे त्या वेगवेगळ्या ठेवाव्यात. काळा रंग निळ्यात मिसळायचा नाही. आणि त्या परंपरेत समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडताना जे पद नसेल त्याच्या जागी शून्य लिहीत, आपल्या चेकवरच्या अंकी रकमेसारखं.

चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे, आणि एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे खानदेशातली मुलं हाच धडा तेव्हाही शिकायची?" मला तो प्रश्न फार आवडला.

## एकच पद, मग 'बहु' कशाला?

ही शंका मुलांपेक्षा पालकांनाच जास्त येते. बहु म्हणजे पुष्कळ. मग ५क्ष² ला बहुपदी का म्हणायचं?

रेशनकार्ड आठवा. त्यावर एकट्या आजींचं नाव असलं तरी ते कुटुंबाचंच कार्ड असतं, शासन त्यांच्यासाठी वेगळं दप्तर ठेवत नाही. बहुपदी हे तसं दप्तराचं नाव आहे. त्यात एक पदाचे, दोन पदांचे, दोनशे पदांचे, सगळे येतात. सोय अशी की दोन बहुपदींची बेरीज, वजाबाकी, गुणाकार केला तर उत्तर पुन्हा बहुपदीच येतं. एकपदींना बाहेर ठेवलं तर ही सोय मोडते: (क्ष + ५) मधून ५ वजा करताच उत्तर दप्तराबाहेर जाईल.

दप्तरात प्रवेशाची अट एकच. चलाचा घातांक ०, १, २, ३ असा पूर्ण संख्या हवा. म्हणून √२·क्ष चालतं, तिथे मुळाखाली फक्त संख्या आहे. √क्ष चालत नाही. क्ष/३ चालतं, ३/क्ष चालत नाही. ३/क्ष + २ मध्ये पदं दोन आहेत, पण ती बहुपदीच नसल्यामुळे तिला द्विपदी बहुपदी म्हणता येत नाही. नुसता ७ हीसुद्धा बहुपदी, एकपदी. शून्याचं मात्र निराळं आहे. शून्येतर पदं मोजायची तर त्यात एकही पद नाही, आणि त्याची कोटी, म्हणजे चलाचा सर्वांत मोठा घातांक, हीसुद्धा ठरवता येत नाही.

## कंस असेल तर काय मोजायचं?

(क्ष + ३)(क्ष − ३) ही कितीपदी? कंस सोडवल्याशिवाय सांगायचं नाही. दोन पदांना दोन पदांनी गुणलं की चार गुणाकार होतात: क्ष², −३क्ष, +३क्ष, −९. मधले दोन एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं क्ष² − ९, द्विपदी. (क्ष + ३)(क्ष − २) मध्ये मात्र क्ष² + क्ष − ६ अशी तीन पदं उरतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण:

(क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २)

तीन गुणिले तीन, नऊ गुणाकार. कागद घेऊन खरंच करून बघा. क्ष⁴ एकदा येतो. −२क्ष³ आणि +२क्ष³ गेले. २क्ष², −४क्ष², २क्ष² हे तिघं मिळून शून्य. ४क्ष आणि −४क्ष गेले. शेवटी ४. नऊ तुकड्यांतले सात नाहीसे झाले आणि राहिलं क्ष⁴ + ४. दोन त्रिपदींच्या गुणाकारातून द्विपदी निघाली.

उलट्या बाजूनं पाहिलं तर क्ष⁴ + ४ चे अवयव पाडायला सांगितले की भलेभले थांबतात, कारण समोर दोनच पदं आहेत आणि मध्ये धरायला काही नाही. युक्ती अशी की ४क्ष² मिळवायचा आणि लगेच वजा करायचा. मग (क्ष² + २)² − (२क्ष)² होतं आणि वर्गांतल्या फरकाचं सूत्र लागू पडतं. द्विपदीला घटकाभर चार पदांची करून तोडावं लागतं.

## पदांची संख्या वेगळी, कोटी वेगळी

वहीत सर्वांत जास्त घोळ इथे होतो. क्ष² + १ मध्ये पदं दोन, म्हणून द्विपदी. सर्वांत मोठा घातांक २, म्हणून तिची कोटी २, म्हणून ती वर्ग बहुपदी. दोन्हीकडे 'दोन' आल्यामुळे मुलं गडबडतात. क्ष⁵ + १ घ्या: पदं दोनच, कोटी ५. चेकच्या भाषेत, रक्कम किती अंकी आहे त्यावरून कोटी कळते, आणि त्यातले शून्य नसलेले अंक किती, ती पदांची संख्या. १०००००५ ही सात अंकी रक्कम, बोलायला 'दहा लाख पाच', दोनच भाग.

"मग महत्त्वाची कोटीच ना? पदं मोजून काय मिळतं?" हा प्रश्न मला एका पालकांनी विचारला होता. शाळेपुरतं उत्तर सरळ आहे: अवयव पाडताना पहिली दिशा पदांच्या संख्येवरून मिळते. दोन पदं दिसली तर वर्गांतला फरक किंवा घनांचं सूत्र बघा, तीन दिसली तर मधल्या पदाची फोड करा, चार दिसली तर दोन-दोनचे गट करा. क्ष⁴ + ४ सारखी राशी भेटली की हे ठोकताळे अपुरे पडतात, पण सुरुवात कुठून करायची ते त्यांच्यामुळे समजतं.

शाळेपलीकडचं उत्तर जास्त सुंदर आहे. क्ष¹⁰⁰ − ३क्ष + २ घ्या. क्षच्या कोणत्या किमतींना ही शून्य होते? कोटी १०० आहे, म्हणजे अशा किमती १०० पर्यंत असू शकतात, एवढंच कोटी सांगते. फ्रेंच गणिती देकार्त यांनी १६३७ मध्ये एक नियम मांडला. पदं उतरत्या घातांकानं लिहा आणि सहगुणकांचं चिन्ह किती वेळा बदलतं ते मोजा. शून्य करणाऱ्या धन किमती त्याहून जास्त नसतात. इथे चिन्हं अधिक, उणे, अधिक. दोन बदल, म्हणून जास्तीत जास्त दोन धन किमती. एक तर समोरच आहे, क्ष = १; दुसरी ०.६६ आणि ०.६७ यांच्या मध्ये आहे. ऋण किमतींसाठी क्षच्या जागी −क्ष घाला: क्ष¹⁰⁰ + ३क्ष + २, चिन्ह कुठेच बदलत नाही, म्हणजे ऋण किंमत एकही नाही. बहुपदीची कोटी शंभर, आणि वास्तव उत्तरं दोनच. तीन पदांत चिन्ह दोनदाच बदलू शकतं, म्हणून कोटी हजार असती तरी धन उत्तरं दोनच्या वर गेली नसती.

## खिशातल्या फोनमधली पंचपदी

बँकेच्या संकेतस्थळापासून व्हॉट्सॲपपर्यंत माहिती कुलूपबंद करायला एईएस ही पद्धत वापरतात. बेल्जियमच्या योआन डामेन आणि व्हिन्सेंट रेमेन यांनी ती घडवली, आणि २००१ मध्ये अमेरिकेनं ती मानक म्हणून स्वीकारली. तिच्या पोटात एक ठरलेली बहुपदी आहे: क्ष⁸ + क्ष⁴ + क्ष³ + क्ष + १.

संगणकाचा एक बाइट म्हणजे आठ बिट, प्रत्येक ० किंवा १. ते आठ सहगुणक समजले की बाइट ही एक बहुपदी होते, जिची कोटी जास्तीत जास्त ७. इथली बेरीज दिव्याच्या बटणासारखी असते. एकदा दाबलं की दिवा लागला, पुन्हा दाबलं की विझला, म्हणून १ + १ = ०. दोन बाइटांचा गुणाकार केला की कोटी ७ च्या वर जाते, मग त्याला वरच्या ठरलेल्या बहुपदीनं भागून बाकी घ्यायची, जसे आपण घड्याळात १५ वाजले म्हणताना १२ काढून ३ म्हणतो. अट अशी की या भाजक बहुपदीचे अवयव पडता कामा नयेत, ती मूळ संख्येसारखी हवी. नाहीतर काही बाइटांचा गुणाकार पुन्हा उलगडताच येणार नाही.

पदं जितकी कमी, तितकं काम कमी. मग पाच पदं का घेतली? एक घेऊन पाहू: क्ष⁸, त्याचे अवयव उघड आहेत. दोन पदं घेतली आणि क्षच्या जागी १ घातला तर १ + १ = ०, म्हणजे क्ष − १ हा अवयव निघाला, आणि इथे −१ आणि +१ एकच, म्हणून तोच क्ष + १. चार पदांचंही तेच, सम संख्येनं पदं असली की बटण सम वेळा दाबलं जातं आणि दिवा विझतो. तीन पदं विषम आहेत, तिथे ही अडचण येत नाही. शेवटचं पद १ हवं, नाहीतर क्ष अवयव निघतो. म्हणजे उमेदवार सात: क्ष⁸ + क्ष + १, क्ष⁸ + क्ष² + १, असं करत क्ष⁸ + क्ष⁷ + १ पर्यंत. या सातही त्रिपदींचे अवयव पडतात. त्यामुळे पाचाच्या खाली जाताच येत नाही.